७४० पालक आणि उत्तर देणारी एकच आई

प्रश्न : नाशिक जिल्ह्यातील एका वाचक भगिनीच्या मुलीला सहाव्या वर्षी टाइप वन मधुमेह असल्याचे निदान झाले. ती मुलगी आज अकरा वर्षांची आहे. निदानानंतर वर्षभराने या भगिनीने, रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ओळख झालेल्या बारा कुटुंबांना घेऊन, व्हॉट्सॲपवर पालकांचा मराठी गट सुरू केला. आज गटात ७४० सदस्य आहेत. तेच तेच प्रश्न रोज येतात, बहुतेक सदस्य कधीच काही लिहीत नाहीत आणि त्या स्वतः रात्री एक-एक वाजेपर्यंत उत्तरे देत बसतात. मध्यंतरी एका सदस्याने इन्सुलिन बंद करून देणाऱ्या चूर्णाची जाहिरात टाकली, त्यावरून भांडण झाले आणि दोन जुने, जाणते पालक गट सोडून गेले. कोणी म्हणते नियम कडक करा, कोणी म्हणते टेलिग्रामवर चला, काहींना संस्था नोंदवायची आहे आणि पती म्हणतात, गट बंदच करून टाक. ‘‘लोकांना फक्त घ्यायचे असते, द्यायला कोणी पुढे येत नाही. मी थांबले तर गट बुडेल आणि नाही थांबले तर मी बुडेन. काय करू?’’ असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर :

ताई, तुमचे पत्र वाचताना निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यातले घर डोळ्यांसमोर आले. मूल अतिदक्षता विभागातून घरी आलेले असते. दिवसातून चार वेळा सुई टोचायची, बोटातून रक्त काढून शुगर तपासायची, मध्यरात्री उठून पुन्हा बघायचे, हे सगळे आईवडिलांना दोन-तीन दिवसांत शिकवलेले असते आणि दारात आलेले नातेवाईक विचारत असतात की एवढ्या लहान मुलीला शुगर कशी झाली, गोड फार देत होता का. टाइप वन हा गोड खाण्याने होणारा आजार नाही, शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते, हे त्या आईला डॉक्टरांनी सांगितलेले असले तरी तिचा स्वतःवरचा संशय जात नाही. अशा वेळी दुसऱ्या एखाद्या आईने ‘‘माझ्याही मुलीचे असेच झाले होते, आज ती कबड्डी खेळते’’ असे सांगितले की तो संशय सैल होतो. चार वर्षे तुम्ही हे काम करत आला आहात. म्हणून गट बंद करण्याचा पर्याय मी शेवटी ठेवते, पण बाजूला टाकत नाही. जो गट चालवणाऱ्या माणसालाच आजारी पाडतो, तो तसाच चालू ठेवण्याचे बंधन कोणावरही नसते.

पण त्याआधी तुमच्या पत्रातील एका वाक्यापाशी मला थांबायचे आहे. लोकांना फक्त घ्यायचे असते, हे तुम्ही अनुभवाने म्हणता आणि ७४० पैकी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच माणसे लिहितात हेही खरे असेल. मात्र न लिहिणाऱ्यांविषयी आपण फार घाईने मत बनवतो. गटातील अनेक बायकांचा फोन घरात सामाईक असेल. कोणाला टंकलेखन जमत नसेल. कोणी मुलीचा आजार सासरच्या माणसांपासूनही लपवून ठेवला असेल. अशी आई काही न लिहिता रोज वाचते आणि तेवढ्यावर तिचा दिवस पार पडतो. तिने घेतले हे खरे, पण त्यात तिने काही चुकीचे केले असे मला वाटत नाही.

दुसरे कारण तुमच्या पत्रातच आहे. प्रश्न आल्यापासून पाच-दहा मिनिटांत आपण उत्तर देतो, असे तुम्ही थोड्या अभिमानाने लिहिले आहे आणि तो अभिमान रास्त आहे. पण दोन वर्षे मधुमेह सांभाळलेल्या, उत्तर माहीत असलेल्या सोलापूरच्या एखाद्या वडिलांच्या बाजूने विचार करून पाहा. ते संध्याकाळी कामावरून येऊन फोन उघडतात, तेव्हा प्रश्न केव्हाच सुटलेला असतो. चार-सहा वेळा असे झाले की माणूस समजून जातो की इथे उत्तर देणे हे ताईंचे काम आहे. फ्रँक रीसमन या अमेरिकी अभ्यासकाने १९६५ मध्येच दाखवून दिले होते की परस्पर मदतीच्या गटांत मदत करणाऱ्याचा स्वतःचाही मोठा फायदा होतो, कारण दुसऱ्याला सांगताना त्याचा स्वतःवरचा विश्वास परत येतो. तुमच्या गटात हा फायदा आज एकट्या तुमच्या वाट्याला येतो आणि त्याची किंमतही एकट्या तुम्हीच मोजता. गट टिकवण्यासाठी तुम्हाला करावी लागणारी पहिली गोष्ट म्हणजे उत्तर देण्याचे काम इतरांच्या हाती जाऊ देणे. बाकी सगळी रचना त्यानंतर येते.

हे जमवायचे कसे? ‘‘कोणीतरी पुढे या’’ अशी जाहीर विनंती करू नका, तिला प्रतिसाद येत नाही. सातशे जणांना उद्देशून केलेली विनंती प्रत्येक जण बाकीच्यांसाठी आहे असे समजून वाचतो. माणसाला नावाने, खासगीत आणि नेमके काम सांगून विचारा. ‘‘तुमचा मुलगा हॉस्टेलवर राहतो, तर हॉस्टेलविषयीचे प्रश्न आले की पुढचे तीन महिने तुम्ही उत्तर द्याल का?’’ असे विचारले तर नकार क्वचितच येतो, आणि आलाच तरी त्याचे कारण समजते. विषय लहान असावा, मुदत ठरलेली असावी आणि मुदत संपल्यावर अपराधी न वाटता बाहेर पडता यावे. तोपर्यंत तुम्ही स्वतःला एक पथ्य घालून घ्या. तातडीचा नसलेला कोणताही प्रश्न आला की दुसऱ्या दिवसापर्यंत उत्तर द्यायचे नाही. सुरुवातीला शांतता पसरेल. ती शांतता सहन करणे तुम्हाला रात्रीच्या जागरणापेक्षा जड जाईल, हे मी जाणून आहे.

आता गट टिकतो म्हणजे नेमके काय टिकते, याचाही विचार करायला हवा. जुने पालक निघून जातात याचे तुम्हाला दुःख आहे. भांडणामुळे गेलेल्या दोघांची गोष्ट वेगळी, तिच्याकडे मी पुढे येते. पण जे हळूहळू दिसेनासे झाले, त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी मधुमेह आता रोजच्या स्वयंपाकासारखा अंगवळणी पडला असेल. अशा पालकाचे जाणे हे गटाचे यश आहे. त्यामुळे तीच माणसे वर्षानुवर्षे राहावीत अशी अपेक्षा सोडून द्यावी लागेल. त्यांच्याकडचे शहाणपण जाण्याआधी पुढच्याच्या हाती पडावे, अशी सोय मात्र करावी लागेल.

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पण एकच माणूस ती सात दिवस धरून उभा राहात नाही, पहाऱ्याची यादी आधीच लागलेली असते आणि वेळ झाली की पुढचा माणूस येऊन वीणा गळ्यात घेतो. तुमच्या गटाला अशीच पहाऱ्याची यादी हवी. आठवड्याचा एक पहारेकरी, त्याच्या जोडीला एक नवखा. नव्या सदस्यांचे स्वागत करणे, उत्तराविना राहिलेला प्रश्न योग्य माणसाकडे पोहोचवणे आणि जाहिराती काढून टाकणे एवढेच त्यांचे काम. रात्री दहानंतर पहारा संपतो, हे गटाच्या माहितीत लिहिलेले असावे.

जे गट दशकानुदशके टिकले, त्यांच्याकडे पाहिले तर हीच गोष्ट दिसते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरात दोन मद्यासक्त माणसांच्या भेटीतून सुरू झाली आणि आज तिच्या बैठका मराठीतूनही भरतात. पुढे वाढ होऊ लागली तेव्हा भांडणे, पैसा आणि पुढारीपण या तिन्ही गोष्टींनी तिला ग्रासले होते. त्या अनुभवातून तयार झालेली बारा तत्त्वे १९५० मध्ये स्वीकारली गेली. गटाचे नेते हे विश्वासू सेवक आहेत, सत्ताधारी नाहीत; गट बाहेरच्या देणग्या घेणार नाही; सदस्याची ओळख गुप्त राहील, असे त्यांत म्हटले आहे आणि गटातील कामे ठरावीक काळाने एकाकडून दुसऱ्याकडे जातात अशी तिथे रीत आहे. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर बचत गट पाहा. १९९२ मध्ये नाबार्डने ते बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. त्यांत सदस्य १० ते २०, बैठकीचा दिवस ठरलेला आणि हिशेब सगळ्यांसमोर, अशी पद्धत असते. तुमच्या गटातील कितीतरी आया बचत गटात असतील आणि तिथे त्या अध्यक्ष, सचिव म्हणून काम पाहात असतील. मग त्या तुमच्या गटात गप्प का, याचे उत्तर त्यांच्या स्वभावात नसून गटाच्या आकारात असावे असे मला वाटते. वीस जणींच्या बैठकीत बोलणारी बाई सातशे अनोळखी लोकांसमोर बोलत नाही.

म्हणून आकाराचा निर्णय महत्त्वाचा आहे. व्हॉट्सॲपवर एका गटात १०२४ सदस्य घेता येतात, पण घेता येतात म्हणून घ्यावेत असे नाही. लहान गट कसे पाडायचे, याचे दोन-तीन मार्ग आहेत. जिल्ह्यानुसार पाडले तर जवळचा डॉक्टर, औषधाचे दुकान, शाळा यांची माहिती कामाला येते आणि कधीतरी प्रत्यक्ष भेटता येते. मुलांच्या वयानुसार पाडले तर तीन वर्षांच्या मुलीची आई आणि सोळा वर्षांच्या मुलाची आई यांचे निराळे प्रश्न एकमेकांत मिसळत नाहीत. मला स्वतःला तिसरा मार्ग अधिक पटतो, तो म्हणजे निदान कधी झाले त्यानुसार. एकाच दोन-तीन महिन्यांत निदान झालेल्या पंधरा-वीस कुटुंबांची एक तुकडी करावी, तिला दोन अनुभवी पालक जोडून द्यावेत आणि सहा महिन्यांनी ती तुकडी आपापल्या जिल्हा गटात मिसळावी. नव्या पालकाला सगळ्यात जास्त आधार आपल्याबरोबरच त्या वाटेवर निघालेल्या माणसाचा वाटतो. त्याच त्या प्रश्नांचा जुन्या पालकांना येणारा कंटाळाही यामुळे कमी होतो, कारण ज्यांना ते प्रश्न ऐकायचे आहेत तेच तिथे असतात. सहा महिने संपताना त्या तुकडीतून पुढच्या तुकडीसाठी दोन जोडीदार निवडले, तर वारसदार कोठून आणायचे ही तुमची चिंता बरीचशी मिटेल.

साधनाविषयी थोडक्यात सांगते. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटी या सोयीत एका छत्राखाली अनेक लहान गट ठेवता येतात आणि सूचनांचा एक स्वतंत्र गट मिळतो, ज्यात फक्त ॲडमिन लिहितात. आज आहेत ते सदस्य सूचना-गटात राहू द्या आणि लहान गटांत ज्यांना यायचे त्यांनी यावे. टेलिग्रामवर फोन नंबर लपवता येतो आणि जुने संदेश नव्या सदस्याला शोधता येतात, हे त्याचे खरे फायदे आहेत. परंतु खेड्यातील आईच्या फोनमध्ये जे ॲप आधीपासून आहे आणि जे ती दिवसातून अनेक वेळा उघडते, त्याच ठिकाणी गट असावा. जागा बदलल्याने काम वाटले जात नाही. आणखी एक : आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी आवाजाने भेटा. झूमची विनामूल्य बैठक ४० मिनिटांत संपते आणि तेवढा वेळ पुरेसा आहे. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती नको. लिहिलेल्या शब्दांवरून जे गैरसमज होतात, त्यांतले बरेच आवाज ऐकल्यावर उरत नाहीत.

तेच प्रश्न पुन्हा येतात, याचा तुम्हाला त्रास होतो. तो कमी करायचा तर उत्तरे लिहून ठेवा, पण सगळी एकदम आणि एकट्याने नकोत. दर महिन्याला एका पालकाने एका विषयाचे एक पान लिहावे आणि ते तुमच्या ओळखीच्या बालमधुमेहतज्ज्ञांना दाखवून मगच पिन करावे. शाळेचे पान जूनच्या आधी तयार हवे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना लिहिले होते की टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांना वर्गात शुगर तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची आणि गरज पडल्यास खाण्याची मुभा द्यावी. सीबीएसईने तर २०१७ मध्येच बोर्डाच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना खाण्याचे पदार्थ नेण्याची परवानगी दिली. हे कागद गटात एका जागी असले, तर प्रत्येक आईला मुख्याध्यापकांसमोर नव्याने वाद घालावा लागणार नाही. उन्हाळ्याचे पान साठवणुकीचे असेल : न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे, गोठलेले वापरू नये, वीज किंवा फ्रीज नसेल तेथे मातीच्या मडक्याचा उपयोग कसा करावा.

एक पान मात्र तुम्ही याच आठवड्यात लावावे असे मी आग्रहाने सांगते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्यांत बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट इन्सुलिन असते आणि इन्सुलिन पेनमधील काडतुसांत एका मिलिलिटरला १०० युनिट. चाळीसच्या बाटलीला शंभरची सिरिंज किंवा उलट वापरली, तर डोस अडीचपटीने चुकतो. गटात जेव्हा एखादे पालक प्रेमाने लिहितात की ‘‘आम्ही सहा युनिट देतो, तुम्हीही देऊन बघा’’, तेव्हा समोरच्याची बाटली, सिरिंज, मुलाचे वजन, वय यांतले त्यांना काहीच माहीत नसते. त्यामुळे गटात डोसचा आकडा सांगायचा नाही, हा नियम ठेवाच. ज्या गटात अनुभव सांगितला जातो आणि उपचार डॉक्टरांवर सोडला जातो, त्या गटावर डॉक्टरही विश्वास ठेवतात आणि नवे पालक तिकडे पाठवतात. हा गट तातडीची सेवा नाही, हेही ठळकपणे लिहा. शुगर ७० च्या खाली गेली तर काय आणि किती द्यायचे, हे प्रत्येक पालकाने आपल्या डॉक्टरांकडून लिहून घेऊन फ्रीजवर चिकटवलेले असावे. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करावा. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास ही लक्षणे दिसली तर गटात विचारत न बसता रुग्णालय गाठावे.

आता त्या चूर्णाच्या भांडणाविषयी. ज्यांनी जाहिरात टाकली ते पालक लबाड होते असे मी धरून चालत नाही. निदानानंतर इन्सुलिन सुरू केले की काही मुलांत काही महिने उरलेल्या पेशी पुन्हा थोडे काम करू लागतात आणि डोस खूप कमी होतो. डॉक्टर याला हनिमून काळ म्हणतात. नेमक्या याच काळात कोणी चूर्ण सुरू केले, तर पालकांना मनापासून वाटते की चूर्णाने गुण आला. मग ते इन्सुलिन बंद करतात. टाइप वनमध्ये इन्सुलिन बंद करणे म्हणजे थोड्याच दिवसांत कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याची अवस्था, ओढवणे, आणि त्यात मूल दगावू शकते. १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्याने मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मनाई केलेली आहे. हे सगळे शांतपणे समजावून सांगणारा, आधीच लिहून ठेवलेला एक संदेश तुमच्यापाशी असता, तर त्या रात्री दोनशे संदेशांची खडाजंगी झाली नसती. इथून पुढे क्रम ठरवून ठेवा. पहारेकऱ्याने जाहिरात लगेच काढायची. टाकणाऱ्याशी खासगीत, शक्यतो फोनवर बोलायचे. पुन्हा तसेच झाले तर तिघा जणांनी मिळून त्याला गटाबाहेर करायचे आणि हे तिघे दर सहा महिन्यांनी बदलायचे. निर्णय एकट्या तुमच्या नावावर राहिला नाही, की राग धरायला एकच माणूस उरत नाही. सदस्याने काय टाकले त्याची शिक्षा आपल्याला होईल अशी भीती तुम्ही लिहिली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की केवळ ॲडमिन आहे म्हणून, समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसताना, दुसऱ्या सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी त्याला जबाबदार धरता येत नाही.

गेलेल्या त्या दोन पालकांना फोन करा. गटात परत या असे म्हणू नका. एवढेच विचारा की त्या दिवशी त्यांना काय अपेक्षित होते. बहुतेक वेळा माणूस जाहिरातीमुळे जात नाही. आपण बरोबर बोलत असताना कोणीच आपल्या बाजूने उभे राहिले नाही, यामुळे जातो.

नियम कडक करण्याविषयी माझे मत असे की नियम कमीत कमी ठेवावेत आणि ते पाळले जावेत. डोस सांगायचा नाही, विक्री करायची नाही, आणि तिसरा नियम सगळ्यांत काटेकोर हवा : गटातील कोणाचाही मजकूर, फोटो किंवा नाव बाहेर न्यायचे नाही. पुढे लग्नाच्या वेळी अडचण येईल म्हणून मुलीचा मधुमेह लपवणारी घरे आजही आहेत. हे बदलायला हवे असे तुम्हाला आणि मला कितीही वाटले, तरी एका स्क्रीनशॉटने तो निर्णय त्या घरावर लादण्याचा अधिकार गटाला नाही. नव्या सदस्याला दुव्यावरून थेट आत घेऊ नका, मंजुरीची सोय सुरू करा आणि आत घेण्याआधी कोणीतरी एकदा बोला. ‘‘सुप्रभात’’च्या चित्रांवर मात्र भांडू नका, त्यांच्यासाठी लहान गटांतून मोकळीक असू द्या. जिला दुसरे काही लिहिता येत नाही, ती त्यातून ‘‘मी आहे’’ असे सांगत असते.

संस्था नोंदवावी का? सध्या नको, असे माझे मत आहे. महाराष्ट्रात नोंदणी म्हणजे किमान सात जण, धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय, दरवर्षीचे लेखापरीक्षण, विश्वस्त बदलले की बदल अर्ज. हे सगळे सांभाळण्यासाठी आणखी माणसे लागतील आणि तुमच्यापाशी आहेत तीच माणसे थकलेली आहेत. गटाला नियमित पैसा हाताळावा लागणार असेल, तेव्हा नोंदणी टाळूही नये. तोपर्यंत कोणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर वर्गणी गोळा करू नका. एखाद्या मुलाला शुगर तपासण्याच्या स्ट्रिप्स किंवा इन्सुलिन हवे असेल तर देणाऱ्याने औषधाच्या दुकानात किंवा रुग्णालयात परस्पर पैसे भरावेत आणि पावती गटातील दोघांनी पाहावी. उपकरणे विकणाऱ्या कंपनीने बैठकीचा खर्च देऊ केला तर नम्रपणे नकार द्या, कारण त्यानंतर त्या उपकरणाविषयी कोणी खरे बोलणार नाही.

एका प्रसंगाची तयारी कोणताच गट आधी करत नाही, म्हणून लिहिते. इतकी घरे असलेल्या गटात कधीतरी एखाद्या मुलाच्या मृत्यूची बातमी येते. अशा वेळी ती बातमी गटात कोणी सांगायची, त्या घराशी कोणी बोलायचे, हे आधी ठरलेले असावे. शेकडो श्रद्धांजली संदेश आणि ‘‘कशामुळे झाले’’ हे प्रश्न, दोन्ही त्या आईवडिलांच्या फोनवर जाऊन पडतात. पहारेकऱ्याने एक दिवस गट फक्त ॲडमिनसाठी खुला ठेवावा, त्या रात्री घाबरलेल्या इतर पालकांसाठी आवाजी बैठक घ्यावी आणि त्या कुटुंबाला गटात राहायचे की नाही हे काही आठवड्यांनी विचारावे. त्यांना न विचारता कधीही काढू नये. मन फारच खचले असेल अशा पालकांना टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक द्या. तो तुमच्यासाठीही आहे, ताई, कारण तुमच्या पत्रातील झोपेविषयीच्या ओळी मी दोनदा वाचल्या.

तुमच्या लेकीविषयी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. ती सात वर्षांची असताना तिचे शुगरचे आकडे आणि फोटो गटात टाकणे तुम्हाला स्वाभाविक वाटले असेल. आता ती अकरा वर्षांची आहे. यापुढे तिच्याविषयी काही लिहिण्याआधी तिला विचारा आणि ती नाही म्हणाली तर कारण न मागता ऐका. तिच्या पंधरा-सोळाव्या वर्षी आईच्या गटापेक्षा तिच्यासारख्याच मुलामुलींचा गट तिला जवळचा वाटेल, त्याचीही तयारी ठेवा. आणि पतींना सांगा की गट बंद करायचा की नाही हे तुम्ही सहा महिन्यांनी दोघे मिळून ठरवणार आहात. ते गटाच्या विरोधात आहेत असे मला पत्रावरून वाटत नाही. त्यांना रात्री एक वाजता जागी असलेली बायको दिसते.

सुरुवात कशी करावी, असे विचाराल तर या महिन्यात तीनच गोष्टी करा. तुमच्याशिवाय आणखी दोन विश्वासू पालकांना ॲडमिन करा, कारण तुमचा फोन हरवला किंवा नंबर बंद झाला तर आज गटाला कोणीच उरत नाही. युनिट आणि सिरिंजचे पान तज्ज्ञांकडून तपासून पिन करा. आणि गेल्या दोन महिन्यांत निदान झालेल्या कुटुंबांची पहिली तुकडी तयार करून तिला दोन जोडीदार द्या. मग दिवाळीच्या सुट्टीत एक आठवडा, आधी सांगून, तुम्ही गटापासून पूर्ण लांब राहा आणि पहारा दुसऱ्यांकडे द्या. परत आल्यावर लगेच उत्तरे लिहायला बसू नका. त्या आठवड्यात कोणकोणते प्रश्न उत्तराविना राहिले ते वहीत उतरवा आणि त्यांतील प्रत्येक प्रश्नासमोर गटातील एका पालकाचे नाव लिहून, त्यांना तेवढ्यापुरते विचारायला सुरुवात करा.